पुनरावृत्तीतील हिंसा : ‘कोर्ट’ आणि ‘स्थळ’

अन्यायाच्या चित्रणासाठी खलनायक आवश्यक असतोच असे नाही, हे दोन स्वतंत्र मराठी चित्रपटांतून प्रत्ययास येते. चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर गीतातून सफाई कामगारास आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. तारखांमागून तारखा पडतात, कलमे एकसुरीपणे वाचली जातात आणि स्थिर कॅमेरा दुरून पाहत राहतो. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये (२०२३) विदर्भातील सविता पाहुण्यांपुढे बसते, नाव, शिक्षण, उंची हेच प्रश्न दरवेळी विचारले जातात. दोन्हीकडे व्यक्ती सामान्य आहेत. क्रौर्य प्रघाताच्या पुनरावृत्तीत आहे.

मात्र दोहोंच्या दिशा भिन्न आहेत. ‘कोर्ट’ वकील व न्यायाधीशांच्या खासगी जीवनात डोकावून त्यांच्या न्यायदृष्टीची मुळे दाखवतो. ‘स्थळ’ वर्गाकडून घराकडे येतो. समाजशास्त्राच्या तासाला स्त्री-सबलीकरण शिकणारी सविता घरी पुन्हा त्याच प्रश्नांना सामोरी जाते. वर्गातील ज्ञान उंबरठ्याशी का अडते, हा त्यातून उभा राहणारा प्रश्न अध्यापकवर्गालाही टाळता येणार नाही.