प्रोग्रॅमिंग भाषेचे इन्स्टॉलेशन आणि त्याचे मार्गदर्शनपर लेखन : पायथन व रस्ट यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक :
प्रोग्रॅमिंग भाषेचे मूल्यमापन सामान्यतः तिची वाक्यरचना, वेग आणि उपलब्ध लायब्ररी या निकषांवर केले जाते. ती संगणकावर कशी इन्स्टॉल करावी हे सांगणारे लेखन मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. वस्तुतः नवशिक्या वाचकाची भाषेशी पहिली भेट तेथेच होते. तेथे अडखळलेला वाचक अनेकदा मार्गदर्शनाला दोष न देता स्वतःच्या आकलनाला देतो. म्हणून या लेखनाची चिकित्सा आवश्यक ठरते.

पायथन :
गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथन सुलभ भाषा म्हणून ख्यात आहे. परंतु तिच्या इन्स्टॉलेशनला एकच राजमार्ग नाही. अधिकृत इन्स्टॉलर, लिनक्समधील पॅकेज, अ‍ॅनाकोंडा असे अनेक पर्याय आहेत. परिणामी एकाच संगणकावर दोन-तीन पायथन नांदू लागतात. शिवाय लिनक्सची काही साधने अंगभूत पायथनवरच अवलंबून असतात. त्यात 'पिप'द्वारे पॅकेजेस मिसळल्यास ती साधनेच बिघडू शकतात. यावरील 'पेप ६६८' हा उपाय डेबियन १२ मध्ये २०२३ साली अमलात आला. तेथे पिप असे इन्स्टॉलेशन नाकारते व स्वतंत्र आभासी परिसर वापरण्यास सुचवते. हा नकार डावलण्यासाठी द्यावयाच्या पर्यायाचे नावच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असे आहे. इशारा रास्त आहे. पण तो मार्ग निवडताना नव्हे, तर चूक घडू लागल्यावर मिळतो. निवडीचा भार वाचकावरच राहतो.

रस्ट :
रस्टची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येत असल्याने अद्ययावत राहण्याची सोय निकडीची होती. अधिकृत मार्गदर्शन 'रस्टअप' या एकाच साधनाची शिफारस करते. ते वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसते. अद्ययावतीकरण व काढून टाकणे ही कामेही तेच करते. येथे निवडीची जबाबदारी मार्गदर्शकाने स्वीकारलेली दिसते. तथापि लिनक्स व मॅकसाठी सुचवलेली आज्ञा इंटरनेटवरून स्क्रिप्ट आणून तत्काळ चालवते. म्हणजे वाचण्यापूर्वीच विश्वास ठेवावा लागतो. इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेलाही हा मार्ग गैरसोयीचा आहे. तिला उपयोगी पडणारे स्वतंत्र इन्स्टॉलर उपलब्ध आहेत, परंतु त्यांची माहिती 'अन्य पद्धती' या वेगळ्या पानावर आहे.

निष्कर्ष :
ही तुलना करताना काळाचे भान ठेवले पाहिजे. पायथन अनेक कार्यप्रणालींचा भाग बनली असल्याने तिला रस्टइतके मोकळेपण नाही. तरीही एक तत्त्व स्पष्ट होते : पर्यायांची यादी देणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. कोणता मार्ग घ्यावा, का घ्यावा, तो कोणास गैरसोयीचा आहे आणि तेथून परतावे कसे, या चार प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर मिळाली पाहिजेत. रस्टने पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे दिले आहे. तिसऱ्याचे उत्तर त्याच पानावर आणणे बाकी आहे.