'ॲट्रॉसिटी' कोणी केली?

प्रस्थापितांची भाषा आपल्यावरील अन्याय दडवते, हे आपण अनेकदा म्हटले आहे. आता एवढे म्हणून भागणार नाही. ती तो कसा दडवते, हे एकेक शब्द हाती घेऊन तपासले पाहिजे. मी येथे एकच शब्द घेतो : 'ॲट्रॉसिटी'.

आधी कायद्यांची नावे पाहू. १९५५ चा कायदा 'अस्पृश्यता (अपराध) अधिनियम' होता. १९७६ मध्ये त्याचेच नाव 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' झाले. १९८९ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी 'अत्याचार प्रतिबंध अधिनियम' आला. पहिल्या नावात रूढी आहे, दुसऱ्यात हक्क आहे, तिसऱ्यात कृती आहे. 'अत्याचार' म्हटले की करणारा आणि सोसणारा, दोघेही समोर उभे राहतात. हे या नावाचे सामर्थ्य.

आता लोकांच्या तोंडचा शब्द ऐका. तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीत ऐका, नाही तर नागपूरच्या कॉलेजांत ऐका. 'त्याने अत्याचार केला' या वाक्यातला 'तो' मारणारा असतो. 'त्याने ॲट्रॉसिटी केली' म्हटले की 'तो' फिर्याद देणारा होतो! शब्दार्थ एकच, पण कर्ता उलटला. गुन्ह्याचे नाव गुन्हा सांगणाऱ्याच्या कपाळी आले. कोणी म्हणेल, खुनाचेही कलम 'लावतात'च. खरे आहे, पण म्हणून कोणी खून झालेल्याच्या घराकडे संशयाने पाहत नाही.

ही केवळ बोलण्याची लकब नव्हे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'गैरवापरा'ची चिंता करत या कायद्याखालील अटकेवर बंधने घातली. त्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. दरम्यान 'गैरवापर' हा शब्द मात्र घरोघर पोचला होता.

शब्द बदलण्याची किंमत आमच्या भंडारा जिल्ह्याला ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. सुरुवातीला 'अनैतिक संबंधां'ची कुजबुज पसरवली गेली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंध कायदा लागू मानला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा देताना कृत्यामागे सूड पाहिला, जात पाहिली नाही. खून मान्य झाला. जात अमान्य झाली. 'सूड' या शब्दाने दोन बाजू समान केल्या, आणि गावातली उतरंड दिसेनाशी झाली.

म्हणून शिक्षक-कार्यकर्त्यांनी बातमी लिहिताना, निवेदन देताना, वर्गात बोलताना वाक्य पुरे करावे : अमुक जातीच्या माणसांनी अत्याचार केला, अमक्याने फिर्याद दिली. 'ॲट्रॉसिटी केली' हे वाक्य आपल्याही ओठांवर रुळले आहे. ते आधी तिथून काढले पाहिजे. कर्ता हरवलेल्या वाक्यातून न्याय मागता येत नाही.