'अग्निपंख' आणि शस्त्रकाराचा विवेक

कवीच्या किंवा देशभक्ताच्या आत्मचरित्रात त्याच्या मनातील द्वंद्व वाचावयास मिळावे, अशी आपली अपेक्षा असते. अभियंत्याकडून मात्र आपण केवळ कर्तृत्वाचा वृत्तान्त मागतो. ज्याच्या हातून सहस्रावधी मनुष्यांचे प्राण घेण्याचे सामर्थ्य निर्माण होते, त्याच्या बाबतीत हा प्रकार उलट असावयास पाहिजे. या दृष्टीने डॉ. अब्दुल कलाम यांच्या 'अग्निपंख' या ग्रंथाकडे पुनश्च पाहणे अगत्याचे आहे. अरुण तिवारी यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला मूळ इंग्रजी ग्रंथ १९९९ साली निघाला, आणि माधुरी शानभाग यांच्या अनुवादाने तो मराठी घराघरांत पोहोचला.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. प्रवरेच्या काठी वसलेल्या कोल्हारास नगर-मनमाड रस्त्याने नगरशी जोडले आहे. त्या नगरात चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आहे आणि संरक्षण खात्याची वाहनसंशोधन संस्थाही आहे. दुसऱ्या बाजूस, कोल्हारच्या शेजारी लोणी येथे १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी कलामांच्या नेतृत्वाखालील एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमास मंजुरी मिळाली. हा योगायोग खरा. पण अशा गावांतील मुलामुलींच्या हाती आईबाप जे पुस्तक कौतुकाने देतात, ते त्यांस काय शिकविते, हे पाहणे टीकाकाराचे कर्तव्यच होय.

ग्रंथाचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. रामेश्वरमच्या एका सामान्य कुटुंबातील मुलगा विमानविद्येकडे कसा वळला, ही कथा त्यात निगर्वी वाणीने सांगितली आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी उपग्रहवाहक अग्निबाण समुद्रात कोसळला, ते अपयश लेखकाने झाकलेले नाही. १८ जुलै १९८० च्या यशाचे श्रेय तो सहकाऱ्यांत मुक्तहस्ताने वाटतो. तरुण वाचकास उमेद देणारी अशी पुस्तके थोडी.

पण तिसऱ्या भागात, म्हणजे १९८१ ते १९९१ च्या कथेत, अग्निबाणाचे अस्त्र होते, आणि तेथेच लेखणी घाईने पुढे सरकते. २२ मे १९८९ रोजी 'अग्नि' उडाले. त्यापूर्वीच्या लांबणीवर पडलेल्या प्रयत्नांची वृत्तपत्रांनी केलेली थट्टा लेखकास सविस्तर आठवते; हे अस्त्र एके दिवशी कोणावर पडेल, हा विचार मात्र त्या मानाने फारच थोडी जागा व्यापतो. सरकारी भाषेत 'अग्नि' हे अस्त्र नसून तंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक होते. शब्द बदलला की ओझे हलके होते, हा अनुभव सर्व देशांच्या शस्त्रकारांस आहे.

तरीही मन पूर्णपणे गप्प बसत नाही. 'अग्नि'चे यश कसे साजरे करावे, असे संरक्षणमंत्री पंत यांनी विचारले असता कलामांनी संशोधनकेंद्राच्या आवारात लावण्यासाठी एक लक्ष रोपे मागितली. आमच्या मते हा ग्रंथातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग आहे. संहाराचे साधन सिद्ध होताच निर्मात्यास वृक्ष का आठवावेत? लेखक तेथे क्षणभर थांबता, तर हे आत्मचरित्र आत्मपरीक्षण झाले असते; तो प्रसंग सांगून पुढे जातो.

कलामांची बाजू दुर्बल आहे, असे कोणी म्हणू नये. चीनने १९६४ साली अणुस्फोट केला; १९८७ साली सात प्रबळ राष्ट्रांनी क्षेपणास्त्रविद्येच्या निर्यातीवर निर्बंध घातले. ज्यांची कोठारे भरलेली, त्यांनी इतरांस संयमाचा उपदेश करावा, याचा संताप न्याय्यच आहे. परंतु राष्ट्राने सशस्त्र व्हावे काय, या प्रश्नाचे हे उत्तर झाले. 'मी स्वतः कोठवर जावे?' हा अभियंत्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. प्रतिस्पर्धी नेहमीच एक पाऊल पुढे असतो. त्याच्याकडे बोट दाखवून थांबण्याची जागा कधीच सापडणार नाही.

ती जागा शोधणारे लोक झाले आहेत. जर्मनी अणुबॉम्ब करील या भीतीने जोसेफ रॉटब्लाट अमेरिकेच्या प्रकल्पात शिरले. ती भीती निराधार ठरल्याचे दिसताच १९४४ च्या अखेरीस ते बाहेर पडले. आपल्याकडे गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असतानाच शांततेच्या चळवळीत वावरले आणि अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीचा पुरस्कार करीत राहिले; १९६२ साली त्यांचा त्या संस्थेशी संबंध संपला. या दोघांचेच मत ग्राह्य मानावे, असा आमचा आग्रह नाही. त्यांनी आपल्या कामाचे प्रयोजन वेळोवेळी तपासले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

क्षेपणास्त्रासाठी शोधलेल्या हलक्या द्रव्यापासून अपंग मुलांसाठी सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे पायाचे आधार करविले, हे कलाम पुढे मोठ्या आनंदाने सांगत. त्या आनंदाविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु एका उपयोगाचे पुण्य दुसऱ्या उपयोगाचा हिशेब फेडीत नाही. दोन्ही खाती स्वतंत्रपणे मांडावी लागतात. 'अग्निपंख' घरात अवश्य असावे आणि मुलांनी ते वाचावेही. मात्र वाचून झाल्यावर वडीलधाऱ्यांनी 'तूही असे काही करशील का?' एवढेच विचारून थांबू नये; 'काय केले नाहीस तर तुला अभिमान वाटेल?' हेही विचारावे. ग्रंथाने न विचारलेला हा प्रश्न वाचकाने विचारला, तर त्याचे वाचन पूर्ण झाले असे आम्ही समजू.