पुसलेली शेवंती : अरिसाका रायफलींच्या मूल्यमापनाविषयी

जपानी लष्कराच्या अरिसाका या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींवर, नळीच्या मुळाशी, १६ पाकळ्यांच्या शेवंतीचे राजचिन्ह उमटविलेले असे. शस्त्र सम्राटाच्या मालकीचे, हा त्याचा अर्थ. १९०५ च्या ‘प्रकार ३८’ व १९३९ च्या ‘प्रकार ९९’ या दोन्ही नमुन्यांवर ते आढळते. १९४५ च्या शरणागतीच्या वेळी असंख्य रायफलींवरून ते घासून काढण्यात आले. संग्राहक अखंड चिन्हाच्या नगास अधिक किंमत देतात आणि घासलेला नग सदोष मानतात. बाजारात हे चालेल. इतिहासाच्या अभ्यासात ही कसोटी उलटी ठरते. अखंड चिन्हावरून फार तर इतकेच अनुमान निघते, की ती रायफल बहुधा रणांगणावर हस्तगत झाली असावी. घासलेल्या पोलादावर मात्र एका साम्राज्याच्या शस्त्रत्यागाची खूण राहते. अर्थात तीही निःसंदिग्ध नव्हे. शाळांतील लष्करी शिक्षणासाठी दिलेल्या काही रायफलींवरील चिन्ह शरणागतीपूर्वीच लहान वर्तुळांचे ठसे मारून रद्द केलेले होते. कानशीचे ओरखडे कोणते व ठशांची वर्तुळे कोणती, हे न नोंदविता केवळ ‘चिन्ह नष्ट’ असा शेरा मारणारी सूची अभ्यासकाच्या उपयोगाची नाही. किंमत वाढावी म्हणून चिन्ह नव्याने कोरून घेणारा संग्राहक तर पुरावाच नाहीसा करतो.