मुद्रा आणि प्रसंग : अजिंठ्याच्या शिल्पांवरून बौद्ध धातुमूर्तींचा विचार

बौद्ध धातुमूर्तींच्या प्रतीकांविषयी जे लेखन होते त्यात बहुधा एक कोष्टक गृहीत धरलेले असते. भूमीला स्पर्श करणारा हात म्हणजे मारविजय, छातीशी जुळलेले दोन हात म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन, उंचावलेला तळवा म्हणजे अभय. हे कोष्टक खोटे नव्हे, अपुरे आहे. शब्दाचा कोशातील अर्थ आणि वाक्यातील अर्थ यांत जो भेद भाषेच्या अभ्यासकाला पदोपदी मानावा लागतो, तोच येथेही मानला पाहिजे. या भेदाची परीक्षा घेण्यास अजिंठा फार सोयीचे आहे. तेथील मूर्ती धातूच्या नाहीत, कातळात खोदलेल्या आहेत. परंतु म्हणूनच त्या आपल्या परिसरापासून तुटलेल्या नाहीत.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील गर्भगृहात बुद्ध धर्मचक्रप्रवर्तनमुद्रेत बसला आहे. आसनाखाली चक्र आहे आणि चक्राच्या दोन्ही अंगांस हरणे आहेत. प्रसंग मृगदावातला, म्हणजे सारनाथचा, हे ठरते ते या हरणांमुळे. बोटांची तीच जुळणी श्रावस्तीच्या प्रातिहार्याच्या शिल्पांतही आढळते, आणि तेथे सारनाथचा संबंध नाही. तेव्हा मुद्रा 'उपदेश' एवढेच सांगते. कोणता उपदेश, कोठे, कोणाला, हे आसनपीठ आणि परिवार सांगतात. कोष्टकवादी लेखक नेमका हाच अधिकार मुद्रेला देऊन टाकतात.

सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे शिल्प याहून बोलके आहे. सुमारे ७ मीटर लांबीची ती शयनस्थ आकृती एकटीच पाहिली तर ती निद्रिस्त पुरुषाची म्हणता येईल. शालवृक्षांची जोडी, खाली शोकमग्न भिक्षू व उपासक, वर दिव्य जन : इतके सारे जमल्यावर निद्रा हे निर्वाण होते. याच लेण्यातील भिक्षू बुद्धभद्राच्या संस्कृत शिलालेखात, चंद्रसूर्याइतके टिकेल असे स्मारक पर्वतात करावे, अशा आशयाचा विचार आहे. दगड निवडण्यामागची ही भूमिका ध्यानात घेतली की धातूची भूमिका वेगळी का, ते उमगते.

धातुमूर्ती हलविण्याजोगी असते. बऱ्हाणपूरजवळील फोफनार येथे १९६४ साली वाकाटककाळाच्या सुमाराच्या ७ बुद्धमूर्ती एकत्र सापडल्या. तापीचे हे खोरे अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून फार लांब नाही, आणि त्या मूर्तींच्या देहावरील पातळ, अंगासरशी बसलेले वस्त्र पाहताना अजिंठ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र येथे ना हरणे आहेत, ना शालवृक्ष. मेणाच्या प्रतिकृतीवरून ओतलेल्या, उचलून नेता येणाऱ्या मूर्तीत एवढा परिवार सामावणे अवघडच. त्यामुळे अशी मूर्ती प्रसंग सोडून देते आणि केवळ उपस्थिती ठेवते. काहींच्या पीठांवर लेख कोरलेले आहेत. प्रतीकाच्या अभ्यासकाने ते वगळून चालणार नाही, कारण मूर्ती कोणत्या पुण्यकर्माचा भाग होती याचा उरलेला दुवा तोच.

यावर कोणी म्हणेल की तत्कालीन उपासकाला परिसराची गरज नव्हती, मुद्रा पाहताच त्याला सारे कळत असे. आक्षेप वाजवी आहे; परंतु त्या उपासकाभोवती विहार होता, पूजाविधी होता, उपदेश ऐकण्याची सवय होती. संग्रहालयाच्या काचेमागे यातले काहीच पोचत नाही. (कित्येक सूचिपत्रे तर पीठाचे वर्णन एका ओळीत आटोपतात!) उंचावलेल्या हाताच्या प्रत्येक उभ्या मूर्तीला बुद्धचरित्रातील एखादा ठराविक प्रसंग चिकटविणे म्हणूनच अनुचित होय. अभयाचा हात विष्णूच्या आणि शिवाच्या मूर्तींतही आहे. तेथे कोणी त्यातून एखादी विशिष्ट कथा काढू पाहत नाही. 'भिऊ नको' एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. फोफनारच्या मूर्तींच्या वर्णनातही, लेख वा पीठ अधिक काही सांगत नसेल तेथे, एवढ्यावरच थांबणे शास्त्रशुद्ध ठरेल.