प्रकल्पाधारित भाषाशिक्षण आणि अन्य विद्याशाखांचे विद्यार्थी : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीची मांडणी केली. वर्धा येथे १९३७ मध्ये महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडताना हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला. कृतीतून ज्ञान हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विज्ञान व वाणिज्य शाखांच्या पदवी आराखड्यातही भाषाविषय आणि क्षेत्रीय प्रकल्प या दोहोंना स्थान मिळाले. तथापि हे घटक परस्परांपासून अलग राहिल्यास दोहोंचेही नुकसान होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीकाठची फड बागायत हे याचे बोलके उदाहरण होय. नदीवर बंधारा, तेथून पाट, भिजणाऱ्या जमिनीचे फड आणि एका फडात एकच पीक, अशी ही शेतकऱ्यांनीच चालविलेली जुनी व्यवस्था आहे. भूगोलाचा विद्यार्थी 'होय-नाही' स्वरूपाची छापील प्रश्नावली घेऊन तेथे गेला, तर त्याच्या हाती टक्केवारी येते. परंतु पाटकरी आणि जागल्या यांच्या कामातील भेद येत नाही. 'फड' म्हणजे केवळ 'शेतांचा गट' असे त्याने लिहिले, की पिकाविषयीचा सामूहिक निर्णय त्या अर्थातून गळून पडतो. जळगावच्या केळीचा अभ्यास करणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही मृगबाग आणि कांदेबाग यांतील फरक कळल्याशिवाय लागवडीचा हंगाम व बाजारातील आवक यांचा संबंध उलगडणार नाही. येथे भाषा अहवालाचे केवळ वेष्टन नसून ज्ञानाचा भाग आहे.

शेतकरी अहिराणीत किंवा तावडीत सांगतो. अहवाल प्रमाण मराठीत अथवा इंग्रजीत लिहिला जातो. ऐकणे, टिपणे, व्याख्या करणे आणि भाषांतर करणे ही खरी भाषिक कृती या दोन टोकांच्या मध्ये घडते. गुण मात्र पृष्ठसंख्येला आणि बांधणीला मिळत असतील, तर ही कृती अदृश्यच राहते. बोलीतील शब्द अशुद्ध ठरवून खोडला, की विद्यार्थ्याला घरातून मिळालेले ज्ञानही खोडले जाते. २०१८ पासून या भागातील विद्यापीठ बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करीत आहे. त्यांची कविता येथील बोलीतच आहे, याचे स्मरण येथे उचित ठरेल.

मर्यादा :
प्रकल्प दिला म्हणजे भाषा आपोआप येते, असे मात्र नव्हे. गटात बहुधा एकच विद्यार्थी लिहितो. इतर केवळ स्वाक्षरी करतात. भाषेच्या प्राध्यापकाला अखेरीस शुद्धलेखन तपासण्यापुरते बोलावले, तर प्रश्न कसा विचारावा हे शिकविण्याची वेळ निघून गेलेली असते. मोठे वर्ग आणि अपुरे तास या अडचणीही खऱ्या आहेत.

निष्कर्ष :
म्हणून प्रकल्पाचा आकार लहान, परंतु भाषिक अपेक्षा स्पष्ट असावी. प्रत्येक विद्यार्थ्याने एका मुलाखतीचे बोलीतील टिपण, वीस शब्दांचा सार्थ कोश आणि माहिती देणाऱ्यांना वाचून दाखविता येईल असे एक पानी निवेदन सादर करावे. विषयाच्या व भाषेच्या प्राध्यापकांनी त्याचे मूल्यमापन एकत्रितपणे करावे. ज्यांच्याकडून ज्ञान घेतले, त्यांना ते कळेल अशा शब्दांत परत करता येणे, हीच अशा प्रकल्पाची खरी परीक्षा होय.