घरच्या पडद्यावरची हाणामारी

१९९८ सालच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलाने एकमजली इमारतीच्या गच्चीवरून खाली बांधलेल्या ताडपत्रीवर उडी मारली. ताडपत्री एका कोपऱ्यात टरकन फाटली, मुलगा वाकडा होऊन खाली आला आणि त्याच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. दवाखान्यातून परतताना रिक्षात तो म्हणाला, "सर, त्या पिक्चरमधे तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडतो. मधे दोन कापडी छतं असतात. तो उठून उभा राहतो."

तो पिक्चर म्हणजे जॅकी चॅनचा 'प्रोजेक्ट ए' (१९८३). मुलाने तो दोन दिवस आधी घरी केबलवर पाहिला होता. शिक्षकांच्या खोलीत यावर बरीच चर्चा झाली. असले चित्रपट घरी लावूच नयेत, असे पालकांना पत्र पाठवावे, असाही सूर निघाला. आम्ही तिघांनी (एक विज्ञानाचे, एक मराठीचे, एक शारीरिक शिक्षणाचे) मात्र आधी चित्रपट पाहायचे ठरवले. न पाहिलेल्या गोष्टीवर पत्र कसे लिहिणार? भाड्याने व्हीसीडी आणली आणि मुलालाही, हात गळ्यात बांधलेला होता तसाच, बोलावून घेतले.

शेवटी एक गोष्ट निघाली. कथा संपल्यावर श्रेयनामावलीबरोबर या चित्रपटात चित्रीकरणातले फसलेले प्रयत्न दाखवले आहेत. माणसे चुकीच्या जागी आदळतात, कळवळतात, आजूबाजूचे धावत येतात. जॅकी चॅनच्या बऱ्याच चित्रपटांत ही पद्धत आहे. मनोऱ्यावरून पडण्याच्या या प्रसंगात त्याच्या मानेला दुखापत झाली होती. पुढे 'आर्मर ऑफ गॉड' (१९८६) करताना झाडावरून पडून त्याची कवटी फुटली. मुलाने हा भाग पाहिलाच नव्हता. कथा संपताक्षणी वाहिनीने पुढचा कार्यक्रम सुरू केला होता.

प्रयोगवहीतली फसलेल्या प्रयोगांची पाने फाडून टाकावीत आणि फक्त यशस्वी उत्तर वर्गात दाखवावे, तसे हे झाले. आमची या चित्रपटाबद्दल तक्रार नाही. जी आहे ती घरी पोचणाऱ्या प्रतीबद्दल. हाणामारीचे आणि युद्धकलांचे चित्रपट घरी पाहायचे तर आपल्या हातात नेमके काय येते आणि वाटेत काय गळते, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

आधी त्या पडण्याचेच बघू. उंची १५ मीटर धरा. मधे काहीच नसेल तर खाली पोचायला पावणेदोन सेकंद लागतील आणि वेग सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या पुढे, होईल. इजा होते ती वेगामुळे नव्हे, तो वेग किती अंतरात संपतो त्यामुळे. तीन मीटरवरून पडणारा माणूस पाच सेंटिमीटरमधे थांबला, तर त्याच्यावर सरासरी वजनाच्या साठपट बल लागते. तोच एक मीटर खाली दबणाऱ्या कापडावर थांबला तर चौपट. 'प्रोजेक्ट ए'मधली छते फाटतात, पण फाटता फाटता थोडी थोडी ऊर्जा घेतात. आमच्या मुलाची ताडपत्री उन्हात कुजलेली, चार कोपऱ्यांना ताणून बांधलेली. ती एका बाजूने सुटली. ऊर्जा घेणे राहिले बाजूला, उलट तिने मुलाला फिरवले. चांगले कापडसुद्धा माणसाला फिरवू शकते आणि डोके खाली आले की हिशेबातले सगळे आकडे निरुपयोगी ठरतात. हे चॅनच्या मानेनेही सिद्ध केले आहे.

दिग्दर्शक म्हणून त्याचे एक वैशिष्ट्य या प्रसंगात दिसते. हे पडणे लागोपाठ दोनदा दाखवले आहे. 'पोलीस स्टोरी'त (१९८५) दुकानांच्या इमारतीत दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून तो घसरत खाली येतो, तेही तीनदा दिसते. (तिथे त्याचे हात भाजले होते.) कथेच्या दृष्टीने ही पुनरुक्ती चूकच म्हणायची, माणूस एकदाच पडतो. पण प्रेक्षकाला 'पुन्हा बघा, नीट बघा' असे सांगणारा दिग्दर्शक विरळा. हॅरल्ड लॉइडच्या 'सेफ्टी लास्ट' (१९२३) या मूकपटातल्या घड्याळाला लटकण्याच्या प्रसंगावरून हा मनोरा सुचला, आणि जुन्या मूकपटांचा तो गुणही सोबत आला. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो; कारण आणि परिणाम एकाच दृश्यात असतात.

घरच्या प्रतीचा मोठा फायदा म्हणजे ती थांबवता येते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने घेतलेला असतो. एखादी वस्तू सोडून दिली की १२ चौकटींत ती सव्वा मीटरच्या आसपास आणि २४ चौकटींत ४.९ मीटर खाली यायला हवी. पडणारा माणूस याहून कमी चौकटींत तेवढे अंतर आला तर कॅमेरा मुद्दाम हळू चालवलेला आहे, जेणेकरून पडद्यावर हालचाल वेगवान दिसावी. हाँगकाँगच्या हाणामारीत ही युक्ती सर्रास वापरली गेली. सेकंदाला २२ चौकटी घेतल्या आणि २४ ने दाखवल्या, तर गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी सुमारे ११.७ निघते. जास्त चौकटी लागल्या तर मंदगती, किंवा कुठेतरी तार आहे. लाथा-बुक्क्यांचा वेग आपल्याला ठाऊक नसतो, पडण्याचा असतो. म्हणून अशा चित्रपटात संशय आला की लढणाऱ्यांकडे न बघता पडणाऱ्या खुर्च्या, उडणारी टोपी, सांडणारे पाणी यांकडे बघावे.

आमच्या मुलांनी हे मोजायला घेतले तेव्हा पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. मनगटी घड्याळाने वेळ मोजणाऱ्यांना प्रत्येक चित्रपटात त्वरण जास्त येत होते. कारण आपल्याकडच्या 'पाल' पद्धतीच्या दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे. चोवीसचा चित्रपट पंचविसाने पळवला जातो, म्हणून शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि गुरुत्वत्वरण १०.६ येते. आवाजही किंचित चढतो. ज्यांनी चौकटी मोजून २४ ने भागले, त्यांना ही अडचण आली नाही.

बुक्कीचे प्रकरण अधिक अवघड आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क यांनी कराटेच्या प्रहारांचा अभ्यास करून १९७९ साली लेख लिहिला. यांतले मॅकनेअर लेसरचे तज्ज्ञ, स्वतः कराटेतले ब्लॅक बेल्ट, आणि पुढे अंतराळवीर. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यानाच्या अपघातात ते गेले. तरबेज माणसाचा हात सेकंदाला १० मीटर किंवा त्याहून अधिक वेग गाठतो असे त्यांना दिसले. आता हिशेब करा. सेकंदाला १० मीटर म्हणजे दोन चौकटींच्या मधे मूठ ४२ सेंटिमीटर पुढे जाते! कॅमेऱ्याची झडप साधारणपणे यातला निम्मा वेळ उघडी असते, म्हणजे चित्रातच मुठीचा वीस सेंटिमीटरचा फराटा उमटतो. मूठ जबड्याला लागली की चार बोटे अलीकडून गेली, हे बहुधा कुठल्याच चौकटीत नसते. ते ठरते आवाजावरून, आणि आवाज तर नंतर भरलेला. एकदा आवाज बंद करून 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) बघा; निम्मी हाणामारी हवेत होते.

तरीही ब्रूस ली टिकतो, हे सांगायला हवे. हा चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तो वारला. चौकट थांबवली की त्याचा पाय जमिनीत कसा रोवलेला आहे, कंबर आधी वळते आणि मूठ शेवटी येते, हे दिसते. बळ जमिनीकडून वर येते, ही गोष्ट आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी गोळाफेक शिकवताना शंभरदा सांगितली असेल. मुलांना ती इथे पटली. समोरचा माणूस उडून मागच्या खुर्च्यांवर पडतो ते मात्र पटवून घेऊ नये. साठ किलोचा माणूस सेकंदाला ४ मीटर वेगाने धावत येऊन आपला सगळा संवेग ८० किलोच्या माणसाला देऊन थांबला, तरी त्याचा वेग ३ मीटरच होणार. तो धडपडेल, मागे बसेल, पण हवेतून जाणार नाही. १९६४ साली लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत ब्रूस लीने एक इंचावरून बुक्की मारून दाखवली, तेव्हा स्वयंसेवकाच्या मागे आधीच खुर्ची ठेवलेली होती, आणि तो तिच्यात बसला. ते प्रात्यक्षिक चित्रपटापेक्षा जास्त बोलके आहे.

व्हीसीडीवर या सगळ्याची फार दैना होई. ३५२ गुणिले २८८ ठिपके, आणि जागा वाचवायची युक्ती अशी की आधीच्या चित्रात जे बदलले नाही ते पुन्हा साठवायचे नाही. शांत कौटुंबिक चित्रपटाला हे चालते. हाणामारीत सगळेच बदलते, मग ऐन लाथेच्या वेळी पडद्यावर चौकोनी ठोकळे.

त्याहून मोठे नुकसान रुंदीचे. लाऊ कार-लियुंग यांचा 'द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) शिक्षकांनी तरी चुकवू नये. यातला मोठा भाग लढाईचा नसून शिकण्याचा आहे. नायक घाईने सर्वात वरच्या दालनात शिरतो, काहीच न कळून बाहेर फेकला जातो आणि मग तळापासून सुरुवात करतो. तरंगत्या लाकडांवर पाय ठेवून पलीकडे जायचे. लांब बांबूच्या टोकाला जड वजन, ते मनगटाने उचलून घंटा वाजवायची. तरफेचा पाठ याहून चांगला कोणत्या पुस्तकात आहे? हा चित्रपट उंचीच्या २.३५ पट रुंद आहे. जुना टीव्ही १.३३ पट. कडा कापून तो भरला की ४३ टक्के चित्र जाते. आम्ही प्रथम पाहिलेल्या कॅसेटमधे लांब बांबू होता, दुसऱ्या टोकाचे वजन पडद्याबाहेर. नायकाचा चेहरा घामेजतो, पण का ते कळत नाही. लढाईत मारणारा दिसला तर मार खाणारा नाही.

आता पडदे रुंद झाले, प्रती स्वच्छ झाल्या. पण 'टेकन ३'सारख्या (२०१४) चित्रपटात नायक एक कुंपण ओलांडतो, तेवढ्या काही सेकंदांत डझनभर तुकडे जोडलेले आहेत. तिथे स्वच्छ प्रत घेऊन काय मोजणार? याउलट 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मधे (२०००) माणसे तारांनी बांबूच्या शेंड्यांवर तरंगतात, पण ते लपवायचा आव नाही. चिनी वीरकथांमधे अंग हलके करण्याची विद्या पूर्वापार आहे. त्या स्वप्नाला गुरुत्वत्वरणाची पट्टी लावू नये, असे आमच्यातल्या मराठीच्या बाईंचे ठाम मत आहे आणि आम्ही ते मान्य केले आहे.

नव्या टीव्हीत आणखी एक गंमत असते. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून संच दोन चौकटींच्या मधे स्वतःच्या कल्पनेने चित्रे घालतो. अशा चित्रात मूठ जिथे दिसते तिथे ती कधी होतीच असे नाही. चौकटी मोजायला बसण्यापूर्वी संचाच्या मांडणीत जाऊन ही सोय बंद करावी. वरचे बरेच चित्रपट रक्तपाताचे आहेत. नववीच्या खाली दाखवू नयेत, आणि दाखवण्याआधी एकदा स्वतः पाहावेत.

पालकांना पत्र आम्ही पाठवले. त्यात चित्रपट बंद करा असे नव्हते. श्रेयनामावली संपेपर्यंत टीव्ही बंद करू नका, आणि वाहिनीने ती कापली तर पूर्ण प्रत मिळवा, एवढेच होते. प्लास्टर निघेपर्यंत तो मुलगा रोज मधल्या सुट्टीत येऊन एक-एक चौकट पुढे सरकवत बसे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने दाखवून दिले की ती दोन पडणी म्हणजे एकच पडणे दोन बाजूंनी घेतलेले नाही. छते दोन्ही वेळा वेगळी फाटली आहेत.

"म्हणजे सर, तो पुन्हा वर चढला?"